पित्तनलिकेतील खड्याचा अंदाज : नियमावलीवर किती विसंबावे?

पित्ताशयात खडे असलेल्या ज्येष्ठ रुग्णाची कागदपत्रे पाहताना त्यांत अलीकडे एक ओळ वारंवार आढळते : ‘पित्तनलिकेत खडा असण्याची शक्यता मध्यम’ किंवा ‘शक्यता अधिक’. ही ओळ वाचून घरची माणसे गोंधळून जातात. सोनोग्राफीच्या अहवालात नलिकेतील खड्याचा उल्लेखही नसतो आणि तरीही डॉक्टर पुढची तपासणी सांगतात. कधी याच्या उलट घडते. एक डॉक्टर थेट दुर्बिणीद्वारे उपचार सुचवतात, तर दुसरे म्हणतात, ‘आधी एमआरसीपी करून घ्या.’ दोघेही अनुभवी असतात आणि दोघेही मार्गदर्शक नियमावलीचा हवाला देतात. मग यांतले कोणाचे ऐकावे?

या प्रश्नाचे उत्तर मिळवायचे, तर ही नियमावली नेमके काय सांगते आणि तिचा अंदाज कितपत खरा ठरतो, हे समजून घ्यावे लागेल. साठी ओलांडलेल्या वाचकांना आणि त्यांची काळजी वाहणाऱ्या मुला-सुनांना ही माहिती विशेष उपयोगी पडावी. कारण या नियमावलीत वयालाच एक वजन दिलेले आहे.

आधी ‘पित्त’ या शब्दाविषयी

आपल्याकडे ‘पित्त’ हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. छातीत जळजळ झाली, आंबट ढेकर आली, अंगावर गांधी उठल्या, की ‘पित्त झाले’ असे आपण म्हणतो. येथे अभिप्रेत असलेले पित्त म्हणजे यकृतात तयार होणारा हिरवट-पिवळा पाचक रस. तो पित्ताशय नावाच्या लहानशा पिशवीत साठतो आणि जेवणानंतर पित्तनलिकेतून लहान आतड्यात उतरतो. नलिकेच्या अगदी शेवटी, आतड्यात उघडणाऱ्या तोंडाशी, स्वादुपिंडाची नलिकाही तिला येऊन मिळते.

पित्ताशयातील खडे पुष्कळदा वर्षानुवर्षे स्वस्थ बसून असतात. त्यांतला एखादा निसटून नलिकेत आला, की चित्र बदलते. पित्ताची वाट अडते आणि कावीळ होते. साचलेल्या पित्तात जंतू वाढले, तर नलिकेला गंभीर संसर्ग होतो. खडा तोंडाशी अडकला, तर स्वादुपिंडाला सूज येते. पित्ताशयातील खड्यांचा त्रास होणाऱ्या १०० रुग्णांपैकी साधारण १० ते २० जणांच्या नलिकेतही खडा असतो आणि वाढत्या वयाबरोबर हे प्रमाण वाढत जाते.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. भरपूर पाणी प्याल्याने लहान मुतखडा लघवीवाटे पडून जाऊ शकतो. पित्ताच्या खड्यांचा मूत्रमार्गाशी काहीच संबंध नसल्यामुळे तेथे हा उपाय चालत नाही.

अंदाज बांधण्याची वेळ का येते?

नलिकेत खडा आहे की नाही, हे सरळ पाहून का ठरवत नाहीत, असा प्रश्न आपल्या मनात येईल. अडचण अशी, की सर्वांत सोपी तपासणी येथे पुरेशी पडत नाही. पोटाची सोनोग्राफी पित्ताशयातील खडे फार चांगले दाखवते; परंतु पित्तनलिकेचा खालचा भाग आतड्यामागे दडलेला असतो आणि आतड्यातील वायूमुळे तो झाकोळतो. अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१५ मधील निष्कर्षानुसार, नलिकेत खडा असलेल्या १०० जणांपैकी सुमारे ७३ जणांमध्येच तो सोनोग्राफीत सापडतो. उरलेल्या २७ जणांच्या अहवालात खड्याची नोंद नसते, पण नलिकेत खडा असतो.

दुसऱ्या टोकाला ईआरसीपी ही दुर्बिणीची प्रक्रिया आहे. तोंडावाटे दुर्बीण आतड्यापर्यंत नेऊन, पित्तनलिकेच्या तोंडातून बारीक नळी आत सरकवून, रंगद्रव्य सोडून क्ष-किरणांनी नलिका पाहिली जाते. ही प्रक्रिया प्रथम १९६८ मध्ये अमेरिकेत झाली. १९७४ मध्ये जर्मनी आणि जपानमधील डॉक्टरांनी नलिकेचे तोंड दुर्बिणीतूनच रुंद करून खडे काढण्याची वाट मोकळी केली. पोट न उघडता खडा निघू लागला, हे असंख्य वृद्ध रुग्णांना वरदान ठरले.

मात्र या वरदानाला किंमत आहे. ईआरसीपीनंतर १०० पैकी साधारण ३ ते १० जणांना स्वादुपिंडाचा दाह होतो. बहुतेकांत तो सौम्य असतो, थोड्यांत गंभीर होतो. रक्तस्राव आणि आतड्याला छिद्र पडणे हे धोके कमी प्रमाणात, पण असतात. खडा खरोखर असेल, तर हे धोके पत्करणे योग्य ठरते. खडा नसताना केवळ ‘पाहून घेऊ’ म्हणून ते पत्करणे परवडणारे नाही. म्हणूनच निव्वळ निदानासाठी ईआरसीपी करण्याची पद्धत आता मागे पडली आहे.

या दोन टोकांच्या मधोमध एमआरसीपी, म्हणजे एमआरआय यंत्रावर होणारी पित्तनलिकेची तपासणी, आणि एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड, म्हणजे दुर्बिणीच्या टोकावरून केलेली आतली सोनोग्राफी, या दोन तपासण्या उभ्या आहेत. कॉक्रेनच्याच २०१५ मधील आढाव्यात एमआरसीपीने १०० पैकी सुमारे ९३ आणि एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंडने सुमारे ९५ जणांमधील खडे शोधल्याचे दिसते. दोन्हींमध्ये पित्तनलिकेत काहीही शिरवले जात नाही, त्यामुळे ईआरसीपीच्या तुलनेत धोका फार कमी असतो. परंतु या तपासण्या खर्चिक आहेत आणि प्रत्येक गावी उपलब्ध नाहीत. म्हणून कोणाची कोणती तपासणी करावी, याची वर्गवारी करणे भाग पडते. नियमावलीचा जन्म या गरजेतून झाला.

नियमावली काय सांगते?

अमेरिकेतील पोटविकार-दुर्बीण तज्ज्ञांच्या संस्थेने २०१० मध्ये रुग्णांचे तीन गट पाडले. खडा असण्याची शक्यता १० टक्क्यांहून कमी असेल, तर अल्प; १० ते ५० टक्के असेल, तर मध्यम; आणि ५० टक्क्यांहून अधिक असेल, तर अधिक. अधिक शक्यतेच्या गटाने थेट ईआरसीपीकडे जावे, मध्यम गटाने आधी एमआरसीपी किंवा एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड करावे आणि अल्प गटाने पित्ताशयाची शस्त्रक्रिया गरजेनुसार करून घ्यावी, असा साधारण आराखडा होता.

त्या वेळी पुढीलपैकी एक गोष्ट असली तरी रुग्ण ‘अधिक’ गटात जात असे : सोनोग्राफीत नलिकेत खडा दिसणे, नलिकेच्या संसर्गाची लक्षणे असणे, किंवा रक्तातील बिलिरुबिन ४ मिलिग्रॅमच्या वर असणे. यांपैकी काहीही नसले, पण नलिका ६ मिलिमीटरहून रुंद आणि बिलिरुबिन १.८ ते ४ च्या दरम्यान, अशा दोन्ही गोष्टी एकत्र आढळल्या, तरीही तो त्याच गटात मोडे.

२०१९ मध्ये या संस्थेने आपले निकष अधिक कडक केले. आता केवळ बिलिरुबिन ४ च्या वर असणे पुरत नाही; त्याच्या जोडीला नलिकाही रुंद असावी लागते. पित्ताशय शाबूत असताना ६ आणि ते काढलेले असल्यास ८ मिलिमीटरच्या पुढे नलिका रुंद मानली जाते. खडा प्रत्यक्ष दिसणे आणि संसर्गाची लक्षणे हे दोन निकष कायम राहिले. यकृताच्या रक्ततपासण्या बिघडलेल्या असणे, नलिका रुंद असणे किंवा वय ५५ च्या पुढे असणे, यांपैकी काहीही असल्यास मध्यम गट.

त्याच वर्षी युरोपातील दुर्बीण तज्ज्ञांच्या संस्थेनेही आपली नियमावली प्रसिद्ध केली. ती आणखी संयमी आहे. तिच्या मते खडा दिसणे किंवा नलिकेचा संसर्ग, या दोनच गोष्टी रुग्णाला ‘अधिक’ गटात नेतात. वयाचा निकष तिच्यात नाही.

अंदाज कितपत खरा ठरतो?

‘शक्यता अधिक’ हे शब्द ऐकून बहुतेकांना खडा आहेच, असे वाटते. पण २०१० च्या नियमावलीची व्याख्याच पाहा. ५० टक्क्यांहून अधिक म्हणजे ५५ टक्केही आले. तसे असेल, तर त्या गटातील १०० पैकी ४५ जणांच्या नलिकेत खडा नसेल. पुढे अनेक रुग्णालयांनी आपल्या नोंदी तपासल्या, तेव्हा ही भीती खरी ठरली. ‘अधिक’ गटातील बऱ्याच रुग्णांच्या नलिकेत खडा सापडलाच नाही, म्हणजे त्यांनी ईआरसीपीचा धोका विनाकारण पत्करला असता. २०१९ मधील बदलामागे हेच मुख्य कारण होते.

नवे निकष लावल्यावर ‘अधिक’ गटाचा अंदाज पूर्वीपेक्षा बराच नेमका झाला. त्या गटात आता बहुतेकांच्या नलिकेत खडा खरोखर मिळतो. पण चाळणीची भोके बारीक केली, की थोडे धान्यही वर अडकते. खडा असलेले काही रुग्ण ‘अधिक’ गटातून निसटून ‘मध्यम’ गटात आले आणि मध्यम गट फुगला. म्हणजे विनाकारण होणाऱ्या ईआरसीपी कमी झाल्या, पण त्या बदल्यात अधिक रुग्णांना एमआरसीपी किंवा एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड करावे लागू लागले. धोक्यांची तुलना केली, तर हा सौदा रुग्णाच्या हिताचाच आहे.

अंदाज चुकण्याचे आणखी एक कारण खड्याच्या स्वभावात आहे. खडा एका जागी राहत नाही. लहान खडा आपोआप आतड्यात उतरून जाऊ शकतो. सोमवारी बिलिरुबिन ५ असलेल्या रुग्णाचे गुरुवारी २ येऊ शकते. आकडे उतरले, की खडा गेला असण्याची आशा वाढते. खात्री मात्र होत नाही, कारण काही खडे झडपेसारखे नलिका मधूनच अडवतात आणि मधूनच मोकळी करतात. म्हणूनच रक्ततपासणी किंवा एमआरसीपी होऊन बरेच दिवस लोटले असतील, तर पुढची पायरी चढण्यापूर्वी जुन्या अहवालावर विसंबून राहू नये.

वयाबरोबर बदलणारे हिशेब

अमेरिकी नियमावलीतील ५५ वर्षांचा निकष लावला, तर पित्ताशयात खडे असलेले आपल्यापैकी बहुतेक वाचक आपोआप मध्यम गटात येतात. रक्ततपासणी उत्तम असो, नलिका बारीक असो, वयामुळे गट बदलतो. केवळ वयावरून आलेला ‘मध्यम’ शेरा पाहून घाबरण्याचे कारण नाही. युरोपीय निकषांनुसार हाच रुग्ण अल्प शक्यतेचा ठरेल.

नलिकेच्या मापाबाबतही तारतम्य हवे. वयाबरोबर पित्तनलिका थोडी रुंदावते आणि पित्ताशय काढल्यानंतरही ती रुंद होऊ शकते. तेव्हा पंच्याहत्तरीच्या आजींच्या अहवालातील ७ मिलिमीटरचा अर्थ तिशीतल्या नातीच्या ७ मिलिमीटरपेक्षा वेगळा असतो.

कावीळ दिसली म्हणजे खडाच, असेही नाही. विषाणूंमुळे होणारी यकृताची सूज आणि क्षयरोगावरील काही औषधे यांनीही बिलिरुबिन वाढते. वृद्धांमध्ये आणखी एक शक्यता ध्यानात ठेवावी लागते. पोटात न दुखता हळूहळू वाढणारी कावीळ आणि घटणारे वजन ही स्वादुपिंडाच्या किंवा पित्तनलिकेच्या गाठीची खूण असू शकते. अशा रुग्णाच्या पित्ताशयात योगायोगाने खडे असले, तर सारा दोष खड्यांवर ढकलला जाण्याची भीती असते. एमआरसीपीत खड्याबरोबर अशी अडवणूकही दिसू शकते, हा तिचा मोठा फायदा आहे.

याच्या उलटही घडते. खडा नुकताच अडकला असेल, तर पहिल्या काही तासांत एसजीओटी-एसजीपीटी शेकड्यांत चढतात आणि लवकरच उतरतात. हा चढ पाहून विषाणूजन्य काविळीचा समज होऊ शकतो. अशा वेळी रुग्णाला वरच्या पोटात कळ आली होती का, हे सांगणारी घरची व्यक्ती निदानाला मोठी मदत करते.

तीन उदाहरणे

ही वर्गवारी स्पष्ट व्हावी म्हणून तीन काल्पनिक रुग्ण पाहू.

पहिल्या, ६८ वर्षांच्या आजी. पित्ताशयात खडे, अधूनमधून जेवणानंतर दुखणे. बिलिरुबिन आणि यकृताच्या इतर तपासण्या उत्तम, नलिका ५ मिलिमीटर. अमेरिकी निकषांनी मध्यम, युरोपीय निकषांनी अल्प शक्यता. येथे थेट ईआरसीपीचा प्रश्नच येत नाही. शस्त्रक्रियेपूर्वी एमआरसीपी करावी, की शस्त्रक्रियेच्या वेळीच रंगद्रव्य सोडून नलिका पाहावी, की दोन्हींची गरज नाही, हे शल्यचिकित्सकांशी बोलून ठरवता येते.

दुसरे, ७२ वर्षांचे आजोबा. पोटात कळ, डोळे पिवळे, ताप नाही. बिलिरुबिन ५, नलिका ५ मिलिमीटर, सोनोग्राफीत नलिकेत खडा नाही. २०१० च्या निकषांनी ते थेट ईआरसीपीकडे गेले असते. २०१९ च्या निकषांनी ते मध्यम गटात येतात आणि आधी एमआरसीपी किंवा एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड करणे योग्य ठरते. दोन डॉक्टरांचे मत वेगळे पडते, ते बहुधा अशाच रुग्णाबाबत.

तिसऱ्या, ८० वर्षांच्या आजी. काल रात्री हुडहुडी भरून ताप आला, सकाळी डोळे पिवळे, आणि त्या असंबद्ध बोलत आहेत. ही नलिकेच्या संसर्गाची लक्षणे आहेत. सर्व नियमावल्यांचे येथे एकमत आहे : शक्यता अधिक, आणि उपचार तातडीने. प्रतिजैविके आणि सलाईन लगेच सुरू करून, रुग्णाच्या स्थितीनुसार नलिकेतील तुंबलेले पित्त लवकरात लवकर मोकळे करावे लागते.

डॉक्टरांना काय विचारावे?

ईआरसीपी किंवा अन्य तपासणी सुचवली गेली, तर पुढील प्रश्न निःसंकोच विचारावेत. चांगल्या डॉक्टरांना त्यांचा राग येत नाही.

१. रुग्ण कोणत्या गटात मोडतो आणि कोणत्या निकषामुळे? केवळ वयामुळे, की अहवालातील बदलामुळे?

२. खडा प्रत्यक्ष दिसला आहे, की तो असल्याचा अंदाज आहे? अंदाज असल्यास, ईआरसीपीपूर्वी एमआरसीपी किंवा एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड करता येईल का?

३. शेवटची रक्ततपासणी कधी झाली? ती पुन्हा करावी का?

४. थांबल्यास काय धोका आहे, आणि किती दिवस थांबणे सुरक्षित आहे?

काही गोष्टी आपणहून सांगाव्यात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास तिचे नाव आणि मात्रा, हृदयात पेसमेकर असल्यास त्याचे कार्ड, पूर्वी पित्ताशय काढले असल्यास किंवा जठराची शस्त्रक्रिया झाली असल्यास तिचे कागद. पेसमेकरमुळे एमआरआय तपासणीचा निर्णय बदलू शकतो आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळीमुळे ईआरसीपीची वेळ. गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नये. सर्व अहवाल तारखेनुसार एका फाइलमध्ये लावून ठेवावेत. आकडे चढत आहेत की उतरत आहेत, हे एका दृष्टिक्षेपात कळते.

कोठे थांबू नये?

पोटात कळ, थंडी वाजून ताप आणि कावीळ, या लक्षणांचे त्रिकूट फ्रेंच वैद्य शार्को यांनी १८७७ मध्ये वर्णिले होते. तिन्ही एकत्र दिसली, तर संसर्गाविषयी शंका उरत नाही. परंतु वयस्कर रुग्णात ती तिन्ही दिसतीलच असे नाही. ताप न चढता केवळ ग्लानी येणे, जेवण टाकणे, बोलणे भरकटणे, रक्तदाब उतरणे, एवढ्यावरही संसर्ग दडलेला असू शकतो. मधुमेही वृद्धांच्या बाबतीत विशेष सावध राहावे.

डोळे पिवळे दिसू लागले, लघवी गडद झाली, शौचाचा रंग पांढुरका झाला किंवा अंगाला खाज सुटली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. आपल्याकडे अजूनही काविळीची माळ घातली जाते, नाकात थेंब सोडले जातात. माळेने नलिकेतील खडा हलत नाही. त्यात जाणारे दिवस मात्र संसर्गाच्या पथ्यावर पडतात. थंडी-ताप आणि कावीळ एकत्र असतील, तर रात्रीची वेळ असली तरी रुग्णालय गाठावे. सकाळची वाट पाहू नये.

वाचकहो, नियमावली रुग्णांची रांग लावते, कोणाला आधी आणि कोणत्या दारातून न्यायचे ते सांगते. ‘अधिक’ गटात तिचा अंदाज आता बराच भरवशाचा झाला आहे. ‘मध्यम’ गटात मात्र ती स्वतःच म्हणते, की आत शिरण्यापूर्वी एकदा नीट पाहून घ्या. आपल्या घरातील ज्येष्ठाच्या कागदावर हा ‘मध्यम’ शब्द असेल आणि ताप, हुडहुडी, ग्लानी यांपैकी काहीही नसेल, तर ही एक तपासणी आधी करून घेण्याइतका वेळ सहसा हाती असतो. तो वेळ मागून घेण्यात संकोच करू नये.